बाभळीच्या दांड्यावरची खाच

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. बाभळीचा. लगेच तोंडं वाकडी करू नका. तुमच्या पुस्तकांत पेन बोलतो, छत्री बोलते, शाळेची घंटासुद्धा आपलं रडगाणं गाते, मग दांड्यानेच काय घोडं मारलंय? माझ्या अंगावर निळा रंग आहे, एका बाजूला धुराचा काळा डाग आहे आणि मधोमध एक खोल खाच आहे. रंग आणि डाग नंतरचे. मला सांगायचंय ते त्या खाचेचं.

सुतार मला तासत होता तेव्हा माझा मालक शेजारी उकिडवा बसून होता. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला काढणारा साधा शेतकरी. "घाई असेल तर तयार दांडा घेऊन जा," सुतार म्हणाला. मालक म्हणाला, "घाई नाही. पण हाताला फोड येणार नाही असा गुळगुळीत कर. दिवसभर हाच हातात असतो." सुतार हसून म्हणाला, "बायको आली नाही अजून, म्हणून दांड्याचे लाड चाललेत!" मालक लाजला. मग त्याने मला तेल पाजलं आणि फावड्याच्या लोखंडात ठोकून घट्ट बसवलं.

ते माझे सुखाचे दिवस. मी माती ओढली, वाफे बांधले, पाटाच्या पाण्याला वाट करून दिली. मालकाच्या घामाने मी काळा कुळकुळीत झालो. घरी त्याची आई होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी तिच्या पायात येईन म्हणून मालक मला शेतातल्या छपरातच ठेवी. त्यामुळे तिने मला कधी हात लावला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

विहीर मालकाची आणि त्याच्या थोरल्या चुलत भावाची सामाईक होती. एक दिवस हा पाणी घेई, एक दिवस तो. त्या सकाळी पाळी आमची होती. तरी चुलत भावाने मधेच पाट फोडून पाणी आपल्या शेतात वळवलं.

"दादा, आज पाळी माझी आहे," मालक म्हणाला.

"तुझी पाळी गेली खड्ड्यात. माझं रान वाळून चाललंय."

"उद्या दोन तास जास्त घे. पण आज सोड."

"मला शिकवतोस? तुझ्या बापाला मी खांदा दिलाय!"

मालक वाकला आणि माझ्याकडून माती ओढून पाट बुजवू लागला. तेवढ्यात चुलत भावाने कोयता उगारला. "दादा, कोयता खाली ठेव!" असं ओरडत मालकाने मला दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं. वार माझ्यावर बसला. कोयता माझ्या निम्म्या अंगात घुसला आणि अडकला. मित्रांनो, मी लाकूड असलो तरी दुखायचं ते दुखलंच. चुलत भावाने तो हिसका देऊन काढला आणि पुन्हा उगारला. या वेळी मालकाने आडवं धरलं नाही. त्याने मला फिरवलं. लोखंड चुलत भावाच्या कानामागे लागलं आणि तो पाटातच कोसळला.

मालकाने अंगातला सदरा काढून त्याच्या डोक्याला बांधला. "दादा, ऊठ ना. घे पाणी. सगळं घे," असं तो लहान मुलासारखा म्हणत राहिला. मग मदतीला माणसं आणायला धावला. पाट फुटलेलाच होता, त्यामुळे पाणी चुलत भावाच्या शेतात जात राहिलं.

मालक गेल्यावर चुलत भावाची बायको आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नाकाशी हात धरून पाहिलं. मग कोयता उचलला, पाटात धुतला आणि घरी नेऊन खुंटीला अडकवला. परत येऊन मग तिने हंबरडा फोडला. पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, "ह्यांच्या हातात काही नव्हतं हो. नुसते बोलायला गेले होते!" मला तिचा राग आहे. पण तिचंही कपाळ त्याच पाटात फुटलं होतं, हेही खरं.

पोलिसांनी मला नेलं. लोखंडावरचं रक्त सगळ्यांनी बघितलं, लाकडावरची खाच कुणीच बघितली नाही. कोर्टात मालकाला जो वकील मिळाला तो फार हुशार होता. "वार करताना कुणी पाहिलंय का तुला? नाही ना? मग त्या वेळी मी तिथे नव्हतोच, नंतर आलो असं ठोकून द्यायचं," तो म्हणाला. मालक म्हणाला, "पण साहेब, दांड्यावर..." "दांड्याचं नाव काढशील तर तू तिथे होतास हे कबूल झालं. अक्कल चालवू नकोस." मी समोर टेबलावर पडलो होतो, खाच वर करून. मालकाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. त्याला जन्मठेप झाली.

मला कोर्टाच्या कोठीत ठेवलं. पकडलेल्या वस्तू तिथे ठेवतात. कोठीवाला तसा वाईट माणूस नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढच्या पावसाळ्यात आवारातलं गटार तुंबलं आणि साहेबांच्या गाडीखाली पाणी साचलं. "आयतं फावडं असताना विकत कशाला आणायचं?" म्हणून त्याने मला बाहेर काढलं. पण खाच त्याच्या तळहाताला टोचू लागली. "च्यायला, हात सोलला!" म्हणत त्याने मला लोखंडातून ठोकून काढलं आणि गुळगुळीत नवा दांडा बसवला. माझ्या गळ्यात खटल्याची चिठ्ठी होती. तीही सोडवून त्याने नव्याला बांधली. "निकाल लागून गेलाय. आता कोण विचारतंय!" असं तो स्वतःशीच म्हणाला.

मला त्याने आवारातल्या चहावाल्याला देऊन टाकलं. चहावाल्याने कुंपणाचा उरलेला निळा रंग मला फासला आणि मला टपरीच्या फळीखाली टेकू म्हणून लावलं. स्टोव्हच्या धुराने माझी एक बाजू काळी झाली. लोक माझ्या आधाराने चहा पीत आणि दुसऱ्यांच्या खटल्यांवर हसत.

तिथेच एक दिवस मालकाची आई आली. सोबत एक तरुण वकीलबाई होत्या. निकालावर त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं होतं. ते कोर्टही त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत होतं. पिशवी टांगायला आजीने चाचपलं तर तिच्या हाताला माझी खाच लागली आणि तिच्यात तिने पिशवीचा बंद अडकवला.

"आई, धीर धरा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलाने या वेळी मला सगळं खरं सांगितलंय. पहिला वार त्याच्यावर झाला आणि तो दांड्यावर बसला. स्वतःचा जीव वाचवायला त्याने हात उचलला. ते फावडं कोठीत आहे. मी उद्या मागवतेय. खाच दिसली की तुमचा मुलगा सुटला म्हणून समजा."

"सुटेल ना गं नक्की?"

"खाच आहे ना आई, मग सुटेल."

पिशवी माझ्यावर लटकत होती. तिच्यात मुलासाठी आणलेला धुतलेला सदरा होता. मी काय करणार होतो? मला कुणी तोंड दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परत आल्या. आजीने पिशवी पुन्हा माझ्या खाचेत अडकवली. वकीलबाईंचा चेहरा लाल झाला होता. "एक ओरखडा नव्हता दांड्यावर! मी म्हटलं, दांडा नवा दिसतोय. तर न्यायाधीशांनी कोठीवाल्याला विचारलं. तो शपथेवर सांगतो, जसं आलं तसंच आहे. न्यायाधीश म्हणाले, आरोपी आधी म्हणतो मी तिथे नव्हतो, आता म्हणतो खाच आहे. अपील फेटाळलं, आई. तो माझ्याशीही खोटं बोलला."

"पहिलं खोटं त्या वकिलाने शिकवलं होतं, बाई," आजी म्हणाली. "हे त्याचं त्याने सांगितलंय."

वकीलबाई चहा न पिताच निघून गेल्या. टपरीच्या दुसऱ्या टोकाला कोठीवाला उभा होता. त्याने सगळं ऐकलं. त्याची नजर हळूहळू माझ्यावर आली, पिशवीवर आली, बंदाखालच्या खाचेवर आली. त्याने अर्धा चहा तसाच फळीवर ठेवला. बोल रे, मी मनात म्हणत होतो, बोल, अजून वकीलबाई फाटकातच असतील. तो बोलला, पण चहावाल्याशी. "हा दांडा काढ आणि जाळून टाक."

"चांगला मजबूत आहे की, साहेब."

"जाळ म्हटलं ना! मलाही लेकरं आहेत रे बाबा," तो म्हणाला आणि खाली मान घालून गेला. चहावाल्याला त्यातलं काही कळलं नाही.

पायरी उतरताना आजी अडखळली. चहावाल्याला वाईट वाटलं. त्याने फळीखाली बांबू लावला आणि मला तिच्या हातात दिलं. "आजी, ही काठी असू द्या. नाहीतरी जाळायचीच आहे."

आजीने मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. "अंगठा ठेवायला खाच पण केलीय की! सुखी राहा रे बाळा."

तेव्हापासून मी तिची काठी आहे. मालकाला भेटायला ती तुरुंगात जाते तेव्हा मीच तिला वाट दाखवतो. साऱ्या जगात मला ओळखणारा तो एकच. निळ्या रंगाखालीसुद्धा तो मला ओळखेल. पण दारावर दर वेळी पहारेकरी म्हणतो, "आजी, काठी बाहेर ठेवा. काठीचंही हत्यार होऊ शकतं." मग तो प्रेमाने तिचा हात धरून तिला आत नेतो आणि मी भिंतीला टेकून उभा राहतो. एकदा बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "माझ्या लेकाने ही काठी बघायला हवी होती. त्याला लाकडातलं फार कळतं."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी वकील होईल, कुणी न्यायाधीश होईल. त्यांना मी काय सांगणार! पण तुमच्यातलं कुणी त्या दारावर पहारेकरी झालं आणि मोतीबिंदूची एक म्हातारी निळी काठी टेकत आली, तर तिचा हात धरू नका. तिला एकदाच काठीसकट आत जाऊ द्या. पण लवकर मोठे व्हा. ती आता फार थकलीय आणि मला वाळवी लागलीय. सुरुवात खाचेपासूनच झालीय.