एक मात्रा जास्त

"थांब, थांब!" आर्लिसने बँजोच्या तारांवर तळहात आपटला. "चुकलीस. नेहमी तिथंच चुकतेस."

शॉनाने फिडलवरून गज उचलला. "कुठं, आर्लिसकाका?"

"दुसऱ्या भागात शिरताना. एक मात्रा जास्त घेतेस. चांगल्या रस्त्यात मध्येच खड्डा लागल्यासारखं होतं."

व्हर्जिलने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि कॉफीचा मग तोंडाला लावला. ओसरी त्याची, कॉफीही त्याचीच. पण या दोघांच्या कुरबुरीत त्याने आजवर कधी तोंड घातलं नव्हतं. सगळा जन्म डोंगरातल्या घरोघर टपाल वाटण्यात गेलेला माणूस. दुसऱ्यांच्या भानगडी दारातूनच बघून पुढे जायची त्याला सवय होती.

"वर्ष झालं आपण एकत्र वाजवतोय," शॉना म्हणाली. "आधी कधी बोलला नाहीत ते?"

"बुधवारी चर्चच्या जेवणाला तू एकटीनं वाजवलंस ना, तेव्हा कळलं. मी मागच्या बाकावर पायानं ठेका धरला होता. पाय बरोबर पडला, तूच मागं राहिलीस."

आर्लिसचा आवाज अगदी साळसूद होता, पण आतून त्याला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. सापडली! वर्षभर शोधत होता ती खोट एकदाची सापडली.

होबर्टकाका जाऊन दीड वर्ष झालं होतं. सगळा मुलूख त्याला काकाच म्हणायचा. त्याच्या धुना कुठे लिहिलेल्या नव्हत्या, होत्या त्या त्याच्या हातात. आर्लिसने तीस वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून बँजो वाजवला. आठवडाभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या आणि शनिवारी नखांतलं ग्रीस न काढताच होबर्टच्या दारात हजर व्हायचं. कितीदा म्हणाला असेल, "होबर्ट, मला फिडल शिकव की." होबर्टचं उत्तर ठरलेलं, "तू बँजोच धर बाबा. तू सोडलास तर मी काय करू?" आर्लिसने ते निमूट गिळलं होतं. आणि शेवटच्या हिवाळ्यात, खोकून खोकून अर्धा झाल्यावर, त्या म्हाताऱ्याने शिकवावं कुणाला? तर दाताच्या दवाखान्यातल्या या नर्सला! कवळी बसवायला गेला आणि शिष्या घेऊन आला. साऱ्या धुना तिला दिल्या, वर स्वतःची फिडलही देऊन टाकली.

तेव्हापासून आर्लिसच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. "पोरीच्या हातात होबर्टच उतरलाय," असं कुणी म्हटलं की त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची. त्याने गुपचूप एक जुनी फिडल पैदा केली होती आणि न्हाणीघराचं दार लावून तो ती घासत बसायचा. बायको बाहेरून ओरडायची, "बस कर रे! शेजारणीला वाटेल, आपण मांजर कोंडलंय."

उद्या सजावटीचा रविवार. टेकडीवरच्या दफनभूमीत होबर्टचं सगळं गणगोत जमणार, थडगी झाडून फुलं ठेवणार, आणि जेवणाआधी होबर्टच्या थडग्याच्या दगडापाशी 'लाल कोल्ह्याची खिंड' वाजणार. ती त्याची स्वतःची धून. तिथे फिडल कोण वाजवतं हे सगळा गाव बघणार होता. आर्लिस होबर्टच्या बायकोकडे, ओमाकडे जाऊन विचारूनही आला होता, "मी वाजवली तर?" ओमा म्हणाली, "मला कशाला मध्ये घालतोस? तुम्ही तिघं ठरवा."

"मी दाखवतो," आर्लिस म्हणाला आणि गाडीतून फिडल घेऊन आला.

"अगंबाई! काका, तुम्ही फिडल वाजवता?" शॉनाला खरंच आनंद झाला होता. त्यामुळे तर तो आणखीच चिडला.

त्याने 'लाल कोल्ह्याची खिंड' वाजवली. गोडवा नव्हता, एकदोन सूर किंचाळले, पण ठेका चोख होता. पहिला भाग संपला की लगेच दुसरा.

"ऐकलंस? कुठाय तुझी ती मात्रा? ही मी खुद्द होबर्टकडून ऐकलीय, तू जन्मलीसुद्धा नव्हतीस तेव्हा. त्याच्या धुना जपायच्या तर नीट जपा. नाहीतर उद्या मी वाजवतो, तू ऐक."

शॉनाचा चेहरा उतरला. "तसं असेल तर मी सरळ वाजवून बघते ना. तुम्ही बँजो घ्या."

"राहू दे," व्हर्जिल एकदम म्हणाला. "चाललंय ते छान चाललंय."

"का राहू दे? होऊन जाऊ दे की!"

शॉनाने गज टेकवला. पहिला भाग झोकात गेला. तो संपला आणि ती न थांबता पुढे निघाली. दुसऱ्या भागाला बँजोला दांडीवर खूप वर जावं लागतं. आर्लिसचा डावा हात वर धावला, पण पोचला तेव्हा फिडल पुढे निघून गेली होती.

"परत," तो म्हणाला.

परत तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने दातओठ खाऊन हात फेकला आणि भलतीच तार वाजली.

आर्लिस आपल्या हाताकडे बघत राहिला. अनामिकेचं वरचं पेर नव्हतं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी एका बसच्या पंख्याच्या पट्ट्यात ते गेलं होतं, आणि उरलेलं बोट तेव्हापासून आखडलेलंच. जखम भरल्यावर त्याने पुन्हा बँजो उचलला तेव्हा सगळे म्हणाले होते, काही फरक पडला नाही की रे! त्यालाही तसंच वाटलं होतं.

"मी घाई करायचे ना," शॉना हळूच म्हणाली, "तर होबर्टकाका गजावर टिचकी मारायचे. म्हणायचे, 'थांब. तो अजून आला नाही.' खोलीत आम्ही दोघंच. मी विचारलं, कोण यायचंय? तर म्हणाले, 'तू थांब गं.' मला वाटलं, दुखण्यात बरळतायत."

आर्लिसने व्हर्जिलकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"तू हात बरा करून आलास ना, त्याच शनिवारी होबर्ट पहिल्यांदा तिथं एक मात्रा थांबला. मला वाटलं, चुकला. मान वर केली तर असे डोळे वटारले माझ्यावर! मग मी पण थांबायला लागलो."

"मला सांगायचं नाही? मी मेहनत केली असती, दुसरं बोट वापरलं असतं!"

"तुला सांगितलं असतं तर तू बँजो टाकून दिला असतास. आम्ही काय ओळखत नाही का तुला?"

आर्लिसला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर शॉनाचा हेवाही तसाच्या तसा राहिला. ते शब्द होबर्टने त्याच्याबद्दल काढले, पण ऐकायला मिळाले तिला. तो गाडीत बसून निघून गेला.

रविवारी टेकडीवर लांब टेबलं मांडली होती. तळलेलं चिकन, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदांचे थरांवर थर लावलेला केक. बायका ताटं मांडत होत्या. आर्लिस बँजो घेऊन होबर्टच्या दगडाशी आला तशी शॉनाने फिडल त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही वाजवा, काका. तुमचा हक्क आहे."

ती फिडल आर्लिसने तीस वर्षं हातभर अंतरावरून पाहिली होती. तिच्या काळ्या दांडीवर होबर्टच्या बोटांनी खळगे पडले होते. त्याने तिला हात लावला नाही.

"तूच वाजव," तो म्हणाला.

"सरळ वाजवू? की..."

आर्लिसने बँजो गळ्यात अडकवला. "त्यानं शिकवली तशी."

शॉनाने सुरुवात केली. व्हर्जिलची गिटार खाली सावकाश चालू लागली आणि बँजो त्यांच्यात मिसळला. पहिला भाग संपला. शॉना थांबली.

आर्लिसला ती मात्रा आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली. इतकी वर्षं तो तिच्यातून नुसता धावत गेला होता. त्याचे डोळे भरले, दांडी दिसेना आणि हात जागचा हलला नाही. मात्रा निघून गेली. आणखी एक गेली, आणखी एक. ताटं मांडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. व्हर्जिलने ठेका सोडला नाही. शॉनाने वळून बघितलं नाही; गजाने शेवटचा सूर तसाच लांबवत ती उभी राहिली.

मग बँजो आला, आणि तिघं दुसऱ्या भागात शिरले.