अकरा माननीय आणि एक पिवळी ओळ

भिलाईच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं होत आली आणि अध्यक्ष भाऊरावांना वाटायला लागलं की आता आपला सत्कार व्हायला हवा. स्वतःच्या तोंडानं मागायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी पद्धत काढली. मंडळाचा इतिहास वेबसाइटवर टाकायचा, त्यातली एक ओळ बैठकीत माउसनं निवडून पिवळी करायची आणि ती संगणकानं आपोआप मानपत्रावर छापायची. म्हणजे सत्कार करणारा संगणक. बोट दाखवायचं तर त्याच्याकडं.

काम रिसाली भागात राहणाऱ्या रोशनीकडं आलं. सिविक सेंटरमधल्या एका ऑफिसात ती वेबसाइट्स बनवायची. जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्रॅम तिनं दोन दिवसांत लिहून दिला. बैठकीत भाऊरावांनी स्वतः माउस धरला आणि एका ओळीवरून अलगद ओढला: 'सभागृहाचा स्लॅब भाऊरावांनी मे महिन्यात भर उन्हात स्वतः उभं राहून ओतून घेतला.'

ओळ पिवळी झाली. ठराव झाला की ही निवड अंतिम, बैठकीशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. ही अट भाऊरावांचीच. उपाध्यक्ष श्यामराव मागून काहीतरी करतील, अशी त्यांना धास्ती होती.

श्यामरावांनी समोरूनच केलं. इतिहासात पदाधिकाऱ्यांची नावं उघडीबोडकी आहेत, अशी तक्रार त्यांनी आठवड्याभरात आणली. भाऊराव खुशीत होते. सगळ्यांच्या नावाआधी 'माननीय' लावायला त्यांनी लगेच सांगितलं. कार्यकारिणीतल्या बाकी अकराही जणांची नावं त्यांच्या ओळीच्या वरच होती. इतिहासात आणखी एक नाव होतं, मथुराबाईंचं; ते तेवढं तसंच राहिलं. त्यांना कधी पद नव्हतं.

रोशनीचा फोन आला. "काका, माननीय लावते, पण मंग पिवळं पुन्हा लावा लागन."

"कावून? ठराव झाला ना त्याचा."

"पण काका, ते..."

"तू माननीय लाव. बाकीचं मी पाहून राहिलो."

छपाईच्या आदल्या दिवशी भाऊरावांनी पान उघडलं. पिवळा पट्टा एक ओळ वर गेला होता: 'थुराबाईंनी आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात अठरा वर्षं वाचनालय एकटीनं चालवलं.'

त्यांनी तडक फोन लावला. "रोशनी, माही ओळ कुठं गेली?"

"ओळ तिथंच आहे, काका. प्रोग्रॅमले ओळ नाही समजत. त्यानं फक्त दोन आकडे लिहून ठेवले, कुठून कुठवर. काना, वेलांटी, मोकळी जागा, सगळं एकेक मोजते तो. एका माननीयचे सात, अकराचे सत्त्याहत्तर. मजकूर खाली सरकला, आकडे जागेवरच."

"मंग सरकव आकडे!"

"मीटिंग घ्या ना, काका. ठराव आहे."

बैठक त्याच संध्याकाळी झाली. तांत्रिक चूक आहे, दुरुस्त करून घेऊ, असं भाऊराव म्हणाले.

"दुरुस्त कावून?" श्यामरावांनी विचारलं. "ओळ खोटी आहे का?"

"मी स्वतः तिथून पुस्तकं नेली," जानराव म्हणाले. "बाई चहाबी पाजे."

भाऊरावांना नाही म्हणता येईना. पुस्तकं त्यांनीही नेली होती. त्यांनी शेवटचा उपाय मांडला. "मंग माननीय काढून टाकू. पट्टा आपोआप खाली येते."

अकरा माननीयांनी हात टेबलावरच ठेवले. मतदानात एकच हात वर झाला, तो भाऊरावांचा.

सुवर्णमहोत्सवाला मानपत्राचं वाचन अध्यक्षांकडंच होतं. भाऊरावांनी 'थुराबाईंनी'पासून 'चालवलं'पर्यंत सगळं वाचलं. तिसऱ्या रांगेतून मथुराबाई उठल्या, तेव्हा टाळ्या इतक्या पडल्या की त्यांना मंचावर पोचेपर्यंत दोनदा थांबावं लागलं. चष्मा नीट करून त्यांनी कागद पाहिला.

"भाऊराव, माहा म कुठं गेला?"

"माननीयांनी खाल्ला, बाई."

भाऊरावांनी खिशातलं पेन काढलं आणि 'थु'च्या आधी, चौकटीला चिकटून, एक बारीक म लिहिला. मग मान वर करून एकदा सभागृहाच्या स्लॅबकडं पाहिलं. पन्नास ट्यूबलाइट पेलत तो आपल्या जागी होता.