काल कोरडा

“काल कोरडा. पावसांत माणूसभर,” मी जुन्या वहीतून मोठ्याने वाचलं आणि संगणकावर लिहून टाकलं: मोजणीच्या आदल्या दिवशी नदीचं पात्र कोरडं. समोर हंबीरराव कॉफी निववत होते. त्यांचा हात मध्येच थांबला. काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी एक घोट घेतला आणि पान उलटायला सांगितलं. मी उलटलं. मी सांगलीची, मराठी शाळेत शिकलेली. ‘काल’ म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता.

चेन्नईतल्या अड्यार नदीचे पूर आवरायचे आणि काठ पुन्हा जिवंत करायचा, याचा आराखडा आमच्या पेरुंगुडीच्या कचेरीत चालला होता. उपग्रहाची चित्रं ढीगभर होती, पण नदी पूर्वी कुठून कशी जायची ते सांगणारं कोणी नव्हतं. मग कुणीतरी हंबीररावांना शोधून काढलं. वय शहात्तर, सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त, तंजावरकडच्या मराठी घरातले. चाळीस वर्षांपूर्वीच्या मोजणीच्या चार वह्या त्यांनी धोतराच्या तुकड्यात बांधून आणल्या. वह्या मराठीत निघाल्या. कचेरीत मराठी येणारी मी एकटी, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मराठीत का लिहिल्यात, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले की आजोबांनी घरी अक्षर घोटून घेतलं होतं, आणि शिवाय साहेबाला वाचता यायचं नाही. साहेबासाठी इंग्रजी रजिस्टर, खरं काय ते वहीत.

त्यांचं बोलणं ऐकून पहिले दोन दिवस मला हसू दाबावं लागलं. बखरीतला एखादा कारकून तमिळ शिकून टी. नगरच्या बसला उभा आहे, असं वाटायचं. पण बोलणं नदीवर आलं की मी टाइप करायचं विसरायचे. सैदापेटच्या पुलाखाली धोब्यांचे कपडे वाळत असायचे. कंबरभर पाण्यात मोजपट्टी धरून उभं राहायचं आणि दुपारी काठावर दहीभाताचा डबा उघडायचा. संध्याकाळी घरी गेलं की बायको, वसंता, पँटला लागलेल्या चिखलाचा रंग पाहून आज कुठल्या वळणावर होतात ते सांगायची. कधी चुकली नाही, म्हणाले. नदी त्या दोघांची होती, मला तर त्यांचा हेवाच वाटला.

ते ‘काल’चं वाक्य वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बोलावलं नसताना आले. दोन बस बदलून, सकाळी नऊला. मी संगणक उघडत होते. ते बसलेही नाहीत.

“तें काल म्हणजे नेत्तु नव्हे, अम्मा,” ते म्हणाले. “वाय्काल. पाण्याचा ओहोळ. आम्ही खात्यांतले नुस्तं काल म्हणायचों.”

नेत्तु म्हणजे तमिळमध्ये कालचा दिवस, एवढं मला येत होतं. मी वही ओढली. ‘काल कोरडा. पावसांत माणूसभर.’ म्हणजे उन्हाळ्यात कोरडा पडणारा आणि पावसात माणूस बुडेल एवढा भरणारा एक ओहोळ नदीला मिळत होता, आणि तो कुठल्याच नकाशात नव्हता. मी त्याला आदला दिवस करून टाकलं होतं. मग कालचा तो थांबलेला हात आठवला. काल का नाही सांगितलंत, मी विचारलं.

ते खुर्चीवर टेकले. “त्यावर माझं घर आहे.”

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. पक्का नकाशा काढायच्या वेळी साहेब म्हणाला, आठ महिने कोरडा असतो त्याला कसला ओहोळ म्हणायचं, काढून टाका. हंबीररावांनी ब्लेडने ती रेघ खरवडली. पाच वर्षांनी तिथे प्लॉट पडले. स्वस्त होते, नकाशात स्वच्छ होते, आणि वसंताला नदी जवळ हवी होती. “मीच पुसलों, मीच जाऊन घेतलों. ठाऊक होतं, अम्मा. मेला असेल म्हणून मनाला सांगितलों.” २०१५ च्या डिसेंबरातल्या पुरात तोच ओहोळ घरात शिरला. दोघं शेजाऱ्याच्या गच्चीवर दोन दिवस बसून होती. मागच्या गल्लीतली एक म्हातारी आणि तिची नात सापडल्याच नाहीत. दोन वर्षांनी वसंता गेली. घरातली प्रत्येक वस्तू तिने ठेवली तिथेच आहे, म्हणाले.

शुक्रवारी मसुदा जायचा होता. ओहोळ दाखवला तर तो मोकळा करणार, त्यावरची घरं हलवणार. मीही पुराच्या गावची, सांगलीची. आमच्या माडीवर पाणी चढलेलं मी पाहिलंय, त्यामुळे मी तरी गप्प बसायला नको होतं. पण समोरच्या माणसाकडे बघून माझी जीभ घसरली. मी म्हटलं, काका, ही वही वाचणारी मी एकटीच आहे.

“म्हणून तर आलों,” ते म्हणाले. “तुझ्या मागें कोण वाचणार? माझ्या मुलाला अक्षर येत नाहीं. गल्लींत अजून दोनशें घरं आहेत. लिही.”

मी कालचं वाक्य खोडलं आणि नीट लिहिलं. ते शेजारी उभे राहून बघत होते. ‘ओहोळ’ला ळ बरोबर आलाय का, तेही त्यांनी तपासलं.

पोंगल झाल्यावर आम्ही मोजणीला त्यांच्या घरी गेलो. दारात रांगोळी होती, सहा जणांची कॉफी तयार होती. मोजणी करणाऱ्या आमच्या पोरांना हंबीररावांची कीव आली असावी. त्यांनी कुंपणाच्या भिंतीबाहेरच खडूने खूण केली आणि ओहोळाचा काठ इथे धरूया म्हणाले. तेवढ्याने स्वयंपाकघर वाचलं असतं. मी काही बोलले नाही, खोटं कशाला सांगू.

हंबीरराव बाहेर आले, खूण बघितली आणि नकारार्थी मान हलवली. टेपचं टोक हातात घेऊन, चपला काढून ते आत गेले. मी मागोमाग गेले. ते चुलीच्या ओट्यापाशी सावकाश खाली बसले. फरशीवरचा एक डबा बाजूला सरकवला, टेपचं टोक जमिनीवर ठेवलं आणि अंगठ्याने घट्ट दाबलं.

“काठ इथें. शून्य धरलंय,” त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी नदीत उभं राहून देत असतील तसा आवाज दिला. “ओढा.”

टेप मागच्या दाराने बाहेर सरकत गेली. ताण बसला तरी त्यांचा अंगठा हलला नाही.