हात न लावण्याची संध्याकाळ

नागभीडच्या बसस्टँडजवळ माझं पंक्चरचं दुकान आहे. बत्तीस वर्षं झाली. मी बाबूभाई. एरवी कोणी विचारत नाही, टायर बसला की माझं नाव सगळ्यांना आठवतं. सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत या गावातल्या सगळ्या ट्यूबा माझ्या टबातल्या पाण्यातून गेल्या आहेत. पाण्यात बुडबुडा दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. हे कसब आहे, असं माझं मत. माझी बायको सलीमा याला रोग म्हणते.

तिच्याकडे पुरावे आहेत. निकाहच्या दिवशी आमच्या वरातीची जीप वाटेत बसली, तर मी शेरवानीच्या बाह्या सारून जॅक लावला आणि काझीसाहेब दीड तास ताटकळले. नागपूरला ताजबागच्या दर्ग्याला गेलो, तिथे माझा अर्धा दिवस अनोळखी माणसाच्या ऑटोखाली गेला. सख्ख्या साडूच्या लग्नाच्या जेवणात, वलीम्यात, पहिला घास हातात होता आणि मांडवाबाहेर कोणाच्या तरी स्कूटरची हवा निघाल्याचा आवाज आला. बिर्याणी ताटात तशीच राहिली. "माह्या हाका तुमाले आयकू येत नाई, हवा निंगाचा आवाज बराबर येते," सलीमा म्हणते. आता ऐकू येतं तर येतं, त्याला मी काय करू?

सलीमाला अंदमान पाहायचं होतं. मोबाईलवर तिने कुठलं तरी जोडपं पाहिलं होतं. निळं पाणी, दोघांपुरती बोट, बुडता सूर्य, आणि नवरा-बायको डोळ्यांना काच लावून, तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे पाहताहेत. तिने मला ते दाखवलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. असं मी सात वर्षं म्हणत होतो. यंदा लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेव्हा आलापल्लीला दिलेल्या आमच्या लेकीने, रूहीने, माझा नाद सोडला आणि आईला मोहतुऱ्याच्या तलावावरची सफर भेट दिली. तलाव आमच्यापासून अर्ध्या तासावर.

ही सफर म्हणजे विक्कीचा नवा धंदा. विक्की तिशीचा गडी. चार वर्षं गोव्यात पर्यटकांना पाण्यात उतरवायचं काम केलं आणि परत येताना काचेचे मुखवटे, नळ्या आणि तिकडची हिंदी घेऊन आला. कुठल्याशा लिलावात त्याने पुरातून माणसं काढायची जुनी नारंगी रबरी बोट उचलली, तिच्यात गादी आणि उशा टाकल्या आणि तलावाच्या पाळीवर पाटी ठोकली, 'प्रायव्हेट सनसेट क्रूझ, स्नॉर्कलिंगसह'. वल्हवणार तोच, चहा देणार तोच, फोटो काढणारही तोच.

आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सलीमाने अट घातली.

"एक संध्याकाळ. पंक्चर म्हणाचं नाई, पंक्चर पाहाचं नाई, कोणाच्या चाकाले हात लावाचा नाई."

"अन् कोणाचं बसलंच तं?"

"तं बसू द्या. पण तुमी हात लावला ना, तं यापुढं मी तुमाले कुठीच चला म्हणणार नाई."

मी हसलो नाही. सलीमा भांडते तेव्हा मला काळजी नसते. ती मागणं सोडते तेव्हा असते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने मोगऱ्याचा गजरा मागितला होता. मी विसरलो. तिने पुन्हा मागितला, मी पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा तिने मागितलाच नाही, आजपर्यंत नाही. तो गजरा मला अजून टोचतो. म्हणून मी कबूल म्हणालो आणि तिच्यादेखत खिशातून पॅच चिकटवायच्या सोलुशनची ट्यूब काढून ठेवली, कानसही ठेवली. तिने पिशवी उलटी करून झटकली तर तळातून दोन पॅच पडले. ते मी मुद्दाम ठेवले नव्हते, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. रस्त्यात एकजण बसलेल्या चाकाची मोटारसायकल ढकलत नेत होता. मी मान दुसरीकडे फिरवली आणि तलाव येईपर्यंत तशीच ठेवली. सलीमाने माझ्या पाठीवर थोपटलं. एवढी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

जानेवारीचा महिना, पाणी निवळलेलं, पलीकडच्या काठाला जंगल. विक्कीने आम्हाला फुगीर जॅकेटं चढवली. सलीमाने ईदचा हिरवा सूट घातला होता. त्यावर नारंगी जॅकेट आणि त्यावर ओढणी गच्च बांधलेली.

"पाण्यात मगर तं नाई ना रे?" तिने विचारलं.

"नाई चाची, मगरी तिकडं ताडोब्यात. फक्त सूर्य बुडला का आपण निंगाचं. मंग त्या काठावर पट्टेवाला वाघ पाण्याले येते."

"अन् जळू?"

यावर विक्की वल्ही मारण्यात गुंतला.

तलावाच्या एका कोपऱ्यात जुन्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आहेत. तिथे छातीइतकं पाणी. विक्कीने शेवाळ काढून ती जागा साफ केली होती आणि लोकांना समुद्राची मजा यावी म्हणून तळाशी गोव्याचे शंख, प्लास्टिकची पोवळी आणि एक जांभळा प्लास्टिकचा ऑक्टोपस मांडून ठेवला होता. बोट एका खुंट्याला बांधली. जळवांच्या धाकाने सलीमा काही उतरेना. "तुमी आधी पाहून या," ती म्हणाली.

मी उतरलो. पाणी असं गार की तोंडातून सगळ्या नबींची नावं एकदम निघाली. काच चढवली, नळी दातात धरली, तोंड पाण्यात घातलं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. जन्मभर मी पाणी पाहिलं ते वरून, आणि तेही टबातलं, काळंकुट्ट. इथे हिरवा उजेड होता, बोटभर मासळ्या कमळाच्या देठांतून ये-जा करत होत्या, विक्कीच्या ऑक्टोपसवर एक गोगलगाय संसार थाटून बसली होती. मी मान वळवून सगळीकडे पाहत होतो. आणि बोटीच्या पोटाखालून बुडबुडा निघाला.

मग दुसरा. मग तीन एकदम.

मी जवळ गेलो. फुगीर कडेच्या खालच्या अंगाला एक पॅच होता. चौकोनी. त्याचा एक कोपरा उचलला होता. हे काम कोणाचं ते मला सांगावं लागत नाही. रेल्वे फाटकाजवळच्या हरिदासला मी दहा वर्षं सांगतोय, बाबा रे, पॅचचे कोपरे गोल काप, टोक राहिलं की ते सुटतं. तो म्हणतो, चौकोनी छान दिसतं. विक्की बोट घेऊन आधी माझ्याकडेच आला होता. तलावात बोट फिरवायच्या कल्पनेवर मी माझं मत जरा मोकळेपणी सांगितलं, म्हणून तो हरिदासकडे गेला होता.

जिवाला धोका नव्हता. अशा बोटीत हवेचे चार कप्पे असतात, एक बसला तरी तीन तारतात. पण ती कड अर्ध्या तासात लोळली असती आणि विक्कीने बोट लगेच परत फिरवली असती. सूर्य अजून दोन हात वर होता. सांगावं, तर पंक्चर हा शब्द तोंडातून जाणार आणि वर विक्की म्हणणार, चाचा, जरा पाहा ना. न सांगावं, तर सलीमाची एकुलती एक संध्याकाळ हरिदासच्या चौकोनातून बुडबुडे होऊन निघून जाणार.

मी अंगठा ठेवला. सोलुशन नाही, कानस नाही, पॅच नाही, नुसता अंगठा. याला काम म्हणत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. बुडबुडे थांबले.

एवढं करायला मला बोटीच्या कडेला गाल टेकवून, हात पोटाखाली घालून, तोंड पाण्यात ठेवून ओणवं उभं राहावं लागत होतं. डोळ्यांसमोर नारंगी रबराशिवाय काही नव्हतं. वरून मात्र वेगळंच दिसत असावं.

"अजी, काय दिसून राह्यलं?" सलीमाने विचारलं.

मी नळी काढून म्हणालो, "मासे," आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

दहा मिनिटं झाली. सलीमा हरखून गेली. नवऱ्याला कशाची तरी आवड लागली, आणि त्या गोष्टीत हवा भरायची नव्हती! तिने फोटो काढले. रूहीला फोन लावला, चेहरा दिसणारा. "पाह्य तुह्या अब्बाले! पाण्याच्या भाईर निंगूनच नाई राह्यले!"

"अब्बा, मजा येऊन राह्यली का?" रूही आलापल्लीहून ओरडली.

मी मोकळा हात वर काढून अंगठा दाखवला. दुसरा अंगठा तोवर बधिर झाला होता. सगळ्यात जास्त त्रास मात्र थंडीचा नव्हता. हरिदासचं काम उघडं पडलं होतं, साक्षीदार म्हणून खुद्द विक्की हजर होता, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात एवढी कठीण गोष्ट मी केलेली नाही.

"चाची, पाहा, आता लाल होऊन राह्यला," विक्कीचा आवाज आला.

"अजी, या ना वर. सूर्य पाहू."

"तू पाह्य. मी आलोच."

कडेवर गाल टेकलेला असल्यामुळे मला तिचा श्वाससुद्धा रबरातून जाणवत होता. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, आधीपेक्षा हळू. "अजी, अर्धा गेला न. मासे काय, उद्याही असतीन."

मी नळीतूनच हुंकार दिला. विक्की म्हणाला, "चाचा, हात द्या, वढतो तुमाले." मी मोकळ्या हाताने त्याला झटकलं.

मी वाट पाहिली. तिसरी हाक आली नाही.

दोनदा मागून तिने तिसऱ्यांदा सोडलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. मी दिलेला शब्द पाळत होतो आणि ती वर उशांच्या ढिगात एकटी बसून सूर्य पाहत होती. वलीम्यात बसली होती तशीच. गेलं चुलीत, म्हणून मी अंगठा काढणार, तेवढ्यात शेजारी धपकन पाणी उडालं.

सलीमा पाण्यात होती. हिरवा सूट फुगून वर आलेला, ओढणी तरंगत होती, डोळे मिटून ती अल्लाचं नाव घेत होती. "जळू लागली तं तुमाले सोडणार नाई," एवढं बोलून तिने काच डोळ्यांवर चढवली. "पाहू द्या मले, असं काय हाय तं माह्याहून चांगलं."

आणि तिने पाण्यात डोकं घातलं.

पाण्याखाली आम्ही एकमेकांसमोर होतो. तिच्या काचेत तिचे डोळे दुप्पट मोठे दिसत होते. तिने मासे शोधले, ऑक्टोपस पाहिला, मग माझ्या हातावरून नजर पुढे नेत अंगठ्याशी थांबली. मी खुलासा म्हणून अंगठा क्षणभर उचलला. तीन बुडबुडे निघाले. मी तो परत ठेवला.

ती वर आली. मीही मान वर काढली.

"पंक्चर?" तिने हळूच विचारलं.

"हव. पण मी हात नाई लावला. नुसता अंगठा."

"केव्हापासून?"

"उतरलो तेव्हापासून."

"चौकोनी पॅच हाय. हरिदासचा?"

"हव."

"अन् तुमी बोलले नाई?"

"तुले शबूद देला होता ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. आता रडते की काय असं मला वाटलं. पण तिने बोटीची कड वरून चाचपली, हात खाली कुठवर पोचतो ते पाहिलं आणि म्हणाली, "अन् हे बोटीत बसून, वरतून हात सोडून नसतं धरता आलं?"

मी कडेकडे पाहिलं. अंगठ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचा धंदा.

"आलं असतं," मी म्हणालो.

सलीमा हसली. अशी हसली की खुंट्यावरचा बगळा उडाला. मग विक्कीला म्हणाली, "विक्की, तुह्या बोटीले पंक्चर हाय. आयकून घे, हे मी सांगून राह्यली. यायनं नाई सांगतलं." विक्कीने कपाळाला हात लावला आणि आम्हाला एकेक करून पोत्यासारखं वर ओढलं. मी सवयीने कडेकडे सरकलो, तर सलीमाने मला कोपरानं ढकललं. ती कडेवर आडवी झाली, हात पाण्यात सोडला, चाचपडली आणि अंगठा अचूक जागेवर ठेवला.

"मी धरते. तुमी तिकडं पाहा."

सूर्य चतकोर उरला होता. जंगलाच्या माथ्यावर, लालबुंद. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी ते मांडीवर ठेवले आणि पाहत राहिलो. चतकोराचा तुकडा झाला, तुकड्याचा कण झाला, मग तोही गेला. सूर्य असा रोज जात असेल, आणि मी रोज टबात डोकं घालून बसलेला असेन. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

परत येताना विक्की पट्टेवाल्याच्या धाकाने जोरात वल्ही मारत होता, आणि मारता मारताच त्याने आमचा एक फोटो काढला. त्यात सलीमा उशीला रेलून पाण्यात हात सोडून बसली आहे, थेट त्या अंदमानच्या बाईसारखी. रूहीने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अम्मी किती खूश दिसते, असं तिने खाली लिहिलं. ते खरंच होतं. अंगठा पाण्याखाली असल्यामुळे कोणाला दिसला नाही.

पाळ जवळ आली तेव्हा सलीमाने विचारलं, "अंदमानातल्या बोटी रबराच्या असतेत का हो?"

"काही असतीन," मी म्हणालो.

थंडीने तिचे दात वाजत होते, अंगठा जागेवर होता.

"मंग सोलुशन संग ठेवा," ती म्हणाली. "कधी चालता?"

तिने विचारलं होतं. मी पुढच्या वर्षी म्हणालो नाही.