पेशीला तारीख

माझे सासरे इंद्रभान, म्हणजे आमचे मामाजी, यांना कोर्टाचं व्यसन आहे. शेजारच्या पुंजाजीशी त्यांचं दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून वाजलं. बाभूळ केव्हाच वाळून चुलीत गेली, खटला मात्र वाशीमच्या कोर्टात अजून हिरवागार आहे. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या दिवशी मामाजी इस्त्रीचा सदरा घालून अनसिंगहून बस धरतात आणि नवी तारीख घेऊन सोयरीक जमवल्यासारखे खुशीत परत येतात. निकाल लागला तर हा माणूस आजारी पडेल, असं मला वाटायचं.

आजारी पडल्या सासूबाई, आमच्या बेबीमामी. त्यांच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "यात कर्करोगाच्या पेशी आहेत. गुरुवारी भरती करा, लगेच ऑपरेशन करू."

"गुरुवारी?" मामाजी दचकले. "गुरुवारी तं माही पेशी हाय!"

डॉक्टरांना वाटलं, बिचाऱ्यालाही कॅन्सर आहे. त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "तुम्हाला कुठे आहे गाठ?" मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी मामाजींना मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. थंड प्लाझ्मा म्हणे. जांभळी ज्योत, बोटाला लागली तरी भाजत नाही, पण कॅन्सरच्या पेशी मारते. झालं, अक्कल पाजळायला निमित्त मिळालं. माझा भाऊ प्रसेनजित नागपूरला याच प्लाझ्मावर संशोधन करतो. मामाजींनी त्याला स्पीकरवर फोन लावला.

"मामाजी, आमी काचेच्या बशीतल्या पेशी मारून राह्यलो," तो म्हणाला. "माणसांवरच्या चाचण्या अजून चालूच हायेत. त्याच्या भरवशावर मामीचं ऑपरेशन लांबवू नका."

"चालू हायेत ना? मंग निकाल लागू दे. तवर डाक्टरले पुढची तारीख मांगू."

"निकालाले वर्षं लागतात, मामाजी."

"लागू दे. मले सवय हाय."

सवय यांना, आणि गाठ दुसऱ्याच्या छातीत! माझा इतका संताप झाला की फोन हिसकावून घ्यावासा वाटला. माझा नवरा सतीश बापापुढे तोंड उघडत नाही, कारण तोंडात तंबाखूचा खर्रा असतो. मामी तिथंच तांदूळ निवडत होत्या.

गुरुवारी मामाजी फाईल काखोटीला मारून निघाले, तर मामी पिशवी घेऊन दारात उभ्या.

"कुठी चालली?"

"अकोल्याले. मंजुषा हाय संगं," मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"अवं, तारीख वाढवाची ठरली ना आपली?"

"तुमच्या पेशीले तारीख भेटते," मामी म्हणाल्या. "माह्या पेशी तारीख देत नाहीत."

तिघंही एकाच अकोला बसमध्ये चढलो. मामाजी मामींशेजारी बसले, फाईल मांडीवर. मला वाटलं, अकोल्यापर्यंत येतील बहुतेक.

वाशीम आलं. मामाजी उठले, जरा घुटमळले.

"कोर्टात पुकारा झाला की मागच्या बसनं येतोच," म्हणाले, आणि उतरले.

मामींनी त्यांच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली.