शेवटची सीट

कामिनीने सरकता दरवाजा दोन्ही हातांनी ओढला. शेवटच्या वितीवर तो अडला, तशी तिने खांदा लावला. दरवाजा बसला, पण आत बसलेले तिचे सासरे, बापूजी, दचकले. लकव्याने गेलेला त्यांचा डावा हात मांडीवर तसाच पडून राहिला, उजव्याने त्यांनी सीटची कड धरली.

"वहिनी, ताकद नका लावू. जरासा वर उचलून ओढा," दुर्गेश म्हणाला. तो कामिनीच्या नणंदेचा, रीनाचा नवरा, म्हणजे या घरचा जावई. रामटेकच्या गडावरून उतरल्यापासून तो गाडीभोवती फिरत होता. टायर बघून झाले होते, डिकी बघून झाली होती. "बाकी कशी वाटून राहिली गाडी?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

कामिनीला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गाडी बुटकी होती, त्यामुळे बापूजींना उचलावं लागत नव्हतं, नुसतं बसवून पाय आत घेतले की झालं. त्याचसाठी तर ती घेतली होती. स्टिअरिंग हलकं होतं, मात्र शहराच्या टोकाला बेसात त्यांच्या घरच्या गल्लीत वळवताना दर वेळी कुणाच्या तरी फाटकाला घासते की काय वाटायचं. आणि सात माणसं बसतात हे एकदा कळलं की गल्लीतल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे जायचं असतं, हेही तिला या तीन महिन्यांत समजलं होतं. गाडी तिच्या नावावर होती. चालवणारीही तीच. नवरा, जितेंद्र, हिंगण्याच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने जायचा-यायचा, आणि स्टिअरिंगला हात लावायला अजून घाबरायचा. आजही ऐनवेळी ड्युटी लागली म्हणून तो आला नव्हता.

"बरी आहे," ती म्हणाली.

"मांगच्यायले एसी लागत नसन."

"छतात पंखा देला आहे ना मांगं. लागते."

लागतो की नाही, तिला खरं म्हणजे ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवर ती कधी बसलीच नव्हती. तिथे सासूबाई बसायच्या. प्रयागबाईंनी पहिल्याच दिवशी ती जागा घेतली. बापूजींचा पाय मधल्या सीटवर लांब करावा लागे, बाजूला त्यांचा वॉकर. त्यांच्या बरोबर मागे बसलं की ब्रेक लागताना त्यांचे खांदे धरता येत.

आठवड्यातून तीनदा शाळेआधी कामिनी दोघांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायची, परत आणून सोडायची आणि मग धावत आपल्या नोकरीची शाळा गाठायची. सुरुवातीला प्रयागबाई घरी काहीबाही बोलायच्या. गावचं घर बंद करून इकडे आल्याचं दुःख करायच्या, शेजारणीच्या गाईचं सांगायच्या. मग हळूहळू त्या गप्प झाल्या. सकाळी गाडीत बसायच्या, खिडकीबाहेर बघायच्या, उतरायच्या. घरीही तेच. वाढलं तर जेवायच्या. कामिनीने मनाशी ठरवून टाकलं, आपल्यावर राग आहे. त्या गप्प बसण्यानेच ती जास्त थकली. शेवटी तिने नणंदेला फोन केला.

रीना कामठीला राहायची, पहिल्या मजल्यावर. बापूजींना जिना जमणार नव्हता. आईला मात्र नेते म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत तरी राहू दे वहिनी, तुले थोडा श्वास मिळन." सासूबाईंना कामिनीने एवढंच सांगितलं, की रामटेकहून येताना चार दिवस रीनाकडे राहा. त्या बरं म्हणाल्या. का, किती, काहीच विचारलं नाही. पिशवी त्यांनीच भरली.

"वहिनी, जरा चालवून पाहू काय? कामठीपर्यंत?" दुर्गेशने हात पुढे केला.

कामिनीने चावी दिली. रीना पुढे नवऱ्याशेजारी बसली. उरली ती शेवटची सीट. कामिनी बापूजींच्या पायावरून वाकून, वॉकर सांभाळत मागे गेली. प्रयागबाई सरकल्या.

"ये."

गुडघे समोरच्या सीटला टेकत होते. काच उघडणारी नव्हती. डोक्यावर छतातला पंखा घरघरत होता, खालून चाकांचा आवाज थेट पाठीत शिरत होता. मनसरच्या वळणानंतर दुर्गेशने वेग घेतला आणि तो आवाज दुप्पट झाला. दोन्ही बाजूंना धानाची रिकामी शेतं उन्हात पडली होती. होळी होऊन आठवडा झाला नव्हता, पण काचेला हात लावला तर चटका बसत होता.

पुढे एका गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता. कामिनीला तो रस्ता माहीत होता.

"दुर्गेशभाऊ, हळू. ब्रेकर आहे समोर."

गाडी त्याच वेगात होती. प्रयागबाईंचे दोन्ही हात आधीच बापूजींच्या खांद्यावर गेले होते.

"भाऊ, ब्रेकर!"

गाडी आदळली. बापूजींचं डोकं मागे आलं ते प्रयागबाईंच्या तळव्यावर. पुढे रीना नवऱ्याला काहीतरी सांगत हसत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र एकही येत नव्हता.

"इथून ऐकू नाही जात वं," प्रयागबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. पाणी गार नाही म्हणावं, तसं.

कामिनी त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही बोलत होत्या काय, आई? दवाखान्यात जाताना?"

"पहिले बोलत होती. मंग सोडून देल्लं. म्हटलं, बिचारी गाडी चालवून राहिली, कायले तिले त्रास द्या."

"मले वाटलं..." ते वाक्य तिथेच सोडून तिने विचारलं, "काय बोलत होत्या?"

"काही खास नाही." प्रयागबाईंनी बापूजींच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "मानेवाड्याच्या चौकात चायची टपरी लागते ना, तिथं म्हणत होती, थांब, घोटभर चाय पिऊ. सकाळपासून उपाशी राहते तू. तू थांबेच ना. मले वाटे, हिले घाई असन. नाही तर आपल्यासंगं रस्त्यावर चाय प्यायची लाज वाटत असन."

"नाही हो आई. लाज कायची?"

"मले काय माहीत?" त्या किंचित हसल्या. "एक दिवस तू रडत होती. चालवता चालवता."

कामिनीने मान खाली घातली.

"इथून आरशात डोळे दिसते तुये. तेवढेच दिसते. त्या दिवशी बी बोलली मी."

"काय म्हटलं होतं?"

"आता कुठं आठवते?"

त्यांना आठवत होतं हे कामिनीला कळलं, आणि त्या सांगणार नाहीत हेही कळलं. तो दिवस तिला आठवत होता. कुणी टाकून बोललं नव्हतं. घरात, शाळेत, कुठेच काही घडलं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला होता, एवढंच.

तिला बोलायचं होतं, पण डोळे जड होत गेले. गाडीत बसून रस्त्याकडे बघावं लागत नाही, असं कितीतरी दिवसांनी होत होतं. कन्हानचा पूल येईपर्यंत ती जागी होती. नंतरचं तिला काही कळलं नाही. जाग आली तेव्हा गाडी कामठीत रीनाच्या घरासमोर उभी होती आणि तिचं डोकं सासूबाईंच्या खांद्यावर होतं. प्रयागबाईंचा एक हात पुढे बापूजींच्या खांद्यावर होता, दुसरा कामिनीच्या कपाळाला टेकवलेला. डोकं सीटच्या दांड्यावर आपटू नये म्हणून बहुधा. तो हात त्यांनी अवघडल्यासारखा काढून घेतला आणि बोटं दाबत बसल्या.

"मस्त आहे गाडी," दुर्गेश मागे वळून म्हणाला. "आवाज काहीच नाही आत."

तो बापूजींजवळ थांबला. कामिनीने पिशवी घेतली आणि तिघी जिना चढल्या. प्रयागबाई प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. वर गेल्यावर रीनाने त्यांना पाणी दिलं आणि बीपीची गोळी काढायला पिशवी उघडली. दोन लुगडी निघाली, देवाची डबी निघाली. खाली घडी करून ठेवलेलं लोकरी स्वेटर होतं.

"माय, हे कायले आणलं वं? होळी झाली ना! आता कुठं थंडी?"

"राहू दे," प्रयागबाई म्हणाल्या. "लागते."

रीनाने हसून ते पलंगावर टाकलं आणि गोळी शोधू लागली. कामिनी उभीच राहिली. चार दिवस, असं आपण सांगितलं होतं. आणि यांनी पिशवी भरताना पुढचा हिवाळा धरला होता. एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

तिने स्वेटर उचललं. कोपरांवर ते विरलं होतं, एक बटण वेगळ्या रंगाचं होतं.

"हे मी घरी नेतो, आई."

"असू दे ना."

"पाडव्याले तुम्हाले न्यायले येतो. तेव्हा कुठं लागते स्वेटर?"

रीना गोळीचं पाकीट हातात धरून थांबली. "वहिनी, आपलं तर ठरलं होतं..."

"हो, ठरलं होतं."

प्रयागबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. रागावल्या नाहीत, खूशही दिसल्या नाहीत.

"थकली तू, कामिनी," त्या म्हणाल्या. "मले दिसते. चांगली पडून झोप काढ काही दिवस. मंग पाहू."

"थकली तर आहे," कामिनी म्हणाली. घरात कुणापुढे हे ती पहिल्यांदाच बोलत होती. "पण पाडव्याले येतो."

"बरं."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि पेला रीनाला दिला.

खाली उन्हं कलली होती. बापूजी मधल्या सीटवर जिन्याकडे तोंड करून बसले होते. प्रयागबाई येत नाहीत हे त्यांना सांगितलेलं होतं, तरी कामिनीच्या मागे जिन्यात ते कुणाला तरी शोधत राहिले. तिने स्वेटर त्यांच्या शेजारी ठेवलं. बापूजींनी ते ओळखलं. उजव्या हाताने त्यांनी ते हळूहळू ओढून मांडीवर घेतलं.

कामिनी त्यांच्यासमोर गाडीच्या दाराशी जमिनीवर गुडघे टेकून बसली, म्हणजे त्यांना तिचा चेहरा दिसेल.

"पाडव्याले आणायचं आईले," ती म्हणाली. "बापूजी, ऐकू आलं?"

त्यांचे ओठ वाकडे होत हलले. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. ती तशीच बसून राहिली. दुर्गेशने मदतीला काही बोलायला तोंड उघडलं, तिने हाताने त्याला थांबवलं.

"मी... बी..." बापूजी म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "येतो."

"हो. तुम्ही बी."

ती उठली. गुडघ्यांना लागलेली माती झटकली, दुर्गेशकडून चावी घेतली. बेसा अजून दूर होतं आणि वाटेत सगळं शहर ओलांडायचं होतं.