बोलणं नसलेला शेवट

"नुसतं 'मस्त आहे' चालणार नाही हं साहेब," टेलिफोन बोर्डावरची नवी मुलगी, चिमणी, म्हणाली. "का आवडतो तेही सांगायचं. तोच तर खेळ आहे."

हिशेब खात्याचे साहेब चांगलेच पेचात पडले. सगळ्या हॉस्पिटलचे पगार बिनदिक्कत कापणारा हा माणूस खुर्चीत चुळबुळला आणि शेवटी म्हणाला, "त्यातला बाप आहे ना, तो आमच्या अण्णांसारखा खोकतो. म्हणून आवडतो. बाकी सिनेमा बेकारच आहे." सगळे हसले. मग साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तसे जरा गप्प झाले.

लिफ्ट मेकॅनिक हसला नव्हता. तो भिंतीकडच्या खुर्चीवर बायकोशेजारी बसला होता आणि कोणाची पाळी कधी येते ते मोजत होता.

निरोप समारंभ त्याच्या बायकोचा होता. उभी हयात तिने या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली. लहानपणीच डोळे गेलेली बाई, पण कुठल्या वॉर्डाचा कुठला नंबर, कुठल्या डॉक्टरला दुपारी उठवलेलं चालत नाही, सगळं तोंडपाठ. आज ती निवृत्त होत होती. भाषणं झाली. भेट म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं गेलं, आणि दिल्यानंतर आपण हे कोणाला दिलं हे ध्यानात येऊन सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनेच घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाली, "टिकटिक किती गोड आहे हो!" लोकांचा जीव भांड्यात पडला. ती अशीच होती, दुसऱ्याला ओशाळं होऊ द्यायची नाही.

केक यायला उशीर होत होता. म्हणून बोर्डावर तिच्या जागी येणाऱ्या नव्या मुलीने हा खेळ काढला होता. प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता सिनेमा सांगायचा, आणि तो का आवडतो तेही. या मुलीची टकळी दिवसभर चालू असायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. सिनेमाचं तिला वेड होतं. जुने, नवे, लोक विसरलेले, सगळे ती मोबाईलवर शोधून पाहायची.

मेकॅनिकला भीती होती ती या शेवटच्या गोष्टीचीच.

आता मेट्रनबाई सांगत होत्या. त्यांच्यानंतर अँब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याच्यानंतर बायको. मेकॅनिक तिच्या कानाशी वाकला. "तू तो गाण्यांचा सांग. सर्कशीतला. लोकांना मजा येईल."

"तो काय आवडता आहे का माझा?"

"अगं, आनंदाचा प्रसंग आहे. कशाला रडकं काढतेस?"

"रडका कुठे आहे तो? शेवट इतका चांगला आहे," ती म्हणाली.

त्याने दाराकडे पाहिलं. केकचा पत्ता नव्हता.

लग्न झाल्यापासून तो तिला सिनेमे सांगत आला होता. बोलणं तिला ऐकू यायचंच, पण बोलणं थांबलं की पडद्यावर काय चाललंय ते तो तिच्या कानात कुजबुजायचा. दार उघडलं, बाई खिडकीशी गेली, पत्र फाडलं. पुढच्या रांगेतले लोक वळून म्हणायचे, "ओ, रेडिओ बंद करा!" त्यावरून थेटरातले डोअरकीपर त्याला रेडिओच म्हणू लागले. पण गडी कामात पक्का. आदल्या दिवशी दुपारच्या खेळाला तो एकटा जाऊन सिनेमा पाहून यायचा. कुठे बोलणं थांबतं, तिथे किती वेळ मिळतो, काय आधी सांगायचं, सगळं मनाशी जुळवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला न्यायचा. एका पगारात तीन तिकिटं. आईने त्याला वेडा ठरवला होता.

मग त्यांची मुलगी गेली. चार वर्षांची होती. ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं. त्यानंतर बायको कामावर जायची, बोर्डावर गोड आवाजात "नमस्कार, हॉस्पिटल" म्हणायची, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवणावरून मन उडालेलं. कितीतरी दिवसांनी एकदा ती आपण होऊन म्हणाली, "उद्या सिनेमाला नेता का?"

तो हरखला. धावत जाऊन नदीकाठच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा सिनेमा पाहून आला. पोस्टरवर बाई आणि मुलगी हसत होत्या, त्यावर तो भुलला. सिनेमात मुलगी आजारी पडते. नदीपलीकडच्या दवाखान्यात तिला ठेवतात. शेवटी आई होडीतून पलीकडे जाते, वॉर्डात शिरते, आणि खाट रिकामी असते. गादी गुंडाळलेली. या सगळ्यात एक अक्षर बोलणं नाही, नुसतं वाजवलेलं संगीत. मेकॅनिक थेटराबाहेर येऊन पायरीवर बसून राहिला होता.

घरी आला तर तिने साडी इस्त्री करून ठेवलेली. केस धुतलेले. नको जायला, असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर तो तळमळला, आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या मुक्या भागात त्याने तिच्या कानात सांगितलं की मुलगी खाटेवर उठून बसली आहे. आई तिची वेणी घालते आहे. शेजारच्या बायका हुंदके द्यायला लागल्या तेव्हा ती दचकली. "काय झालं हो?" तो म्हणाला, "वाचली ना पोर, म्हणून रडतायत."

त्यानंतर भीती सुटली नाही. एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागणार होता, तर पठ्ठ्याने घरचा फ्यूजच काढून ठेवला. "लोकांच्या लिफ्ट चालवता आणि घरातला फ्यूज बसवता येत नाही?" म्हणून तिने दिवसभर चिडवलं होतं. त्याने निमूट ऐकून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आता मॅडम!" चिमणी म्हणाली.

बायकोने पदर सारखा केला. तिचा हात मेकॅनिकच्या मनगटावर होता, सवयीने. तिने सिनेमाचं नाव सांगितलं.

"अय्या, तो?" चिमणी टुणकन उडाली. "मी परवाच पाहिला!"

मेकॅनिकने पुन्हा दाराकडे पाहिलं.

"मला एकदाच बघायला मिळाला," बायको म्हणाली. ती 'बघायला' असंच म्हणायची. "तुम्हाला ठाऊक नाही कोणाला, आम्हाला एक मुलगी होती. ती गेल्यावर काही दिवसांनी हा सिनेमा लागला होता. तेव्हा मला वाटायचं, जगात आता सगळ्यांच्याच मुली जाणार. वॉर्डातून फोन आला की वाटायचं, आणखी एक गेली. आणि त्या सिनेमात पोर वाचते. शेवटी बोलणं नाहीये त्यात, यांनी सांगितलं मला. आई तिची वेणी घालते, आणि केस ओढले जातात म्हणून मुलगी मान वाकडी करते. आमचीही करायची." ती थांबली. "ती मान मला अजून दिसते. म्हटलं, चला, कोणाची तरी राहिली. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. म्हणून आवडतो."

मेकॅनिकने चिमणीकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं. पण चिमणी त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती गोंधळून बायकोकडे पाहत होती, आणि मनात आलेलं ओठांवर यायला तिला कधीच वेळ लागत नसे.

"पण मॅडम, ती मुलगी तर जाते ना? खाट रिकामी असते. गादी गुंडाळून—"

मेट्रनबाईंनी तिला कोपर मारलं. उशीर झाला होता.

बायकोने मान थोडी मेकॅनिकच्या बाजूला वळवली. तो काही सांगेल म्हणून ती थांबली असावी. पण ज्या माणसाने आयुष्यभर तिच्या कानात सिनेमे सांगितले, त्याला आत्ता शब्द सुचेना.

"असं होय?" ती हसून म्हणाली. "मग आमच्या थेटरात दुसरंच रीळ लावलं असेल बाई. त्या थेटराचा काही भरवसाच नव्हता."

लोक मोठ्याने हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. तेवढ्यात केक आला. तिने सुरी धरली, केक कापला, पहिला तुकडा चिमणीला भरवला आणि बोर्डाची तिसरी कळ जरा घट्ट आहे, जोराने दाब, असं सांगितलं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी होतं. मेकॅनिकच्या मनगटावरचा हात तिने केव्हा काढून घेतला ते त्याला कळलंही नाही.

बस स्टॉपवर ऊन कलतं होतं. घड्याळाचं खोकं त्याने काखेत धरलं होतं. शेजारी दप्तर घेतलेली एक मुलगी उभी होती.

"तुला जेवायला घालायचं होतं गं," तो शेवटी म्हणाला. "दुसरं काही मनात नव्हतं."

"माहीत आहे मला."

"रागावलीस?"

"नाही हो. राग कसला?" ती खरंच रागावलेली नव्हती. त्याला ते रागापेक्षा वाईट वाटलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाकी काय काय बदललंत?"

"काही नाही. शप्पथ. तेवढंच एक."

"मला कसं कळणार?"

समोरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"आपली पोर गेली तेव्हा मी विचारलं होतं, चेहरा कसा दिसतोय. तुम्ही म्हणालात, झोपल्यासारखा शांत आहे."

"होता. खरंच तसाच होता."

आणि ते खरं होतं. आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल. पण त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

वळणावरून बस आली. त्याने पाटी वाचली. "चल, आपली आली," तो म्हणाला.

बायकोने दप्तरवाल्या मुलीच्या दिशेला तोंड केलं. "बाळा, किती नंबरची बस आहे गं ही?"

"बावीस नंबर, आजी."

"हो का? थँक्यू हं."

मग तिने हात पुढे केला. मेकॅनिकने कोपर दिलं, तिने ते धरलं. पायरी उंच आहे, असं तो सांगणार होता. पण ती थांबली, आणि चपलेच्या टोकाने पायरी चाचपून, स्वतःच वर चढली.